फोन त्यांच्याच हातात राहू द्या

मोठ्या सरकारी रुग्णालयांत केस पेपरच्या खिडकीजवळ आता क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला दिसतो. फोनमधल्या आभा या सरकारी आरोग्य ॲपने तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट रुग्णालयाच्या संगणकात जातो, टोकन नंबर मिळतो आणि काचेपलीकडच्या माणसाला आडनाव दोनदा ओरडून सांगावं लागत नाही. ‘स्कॅन अँड शेअर’ नावाची ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सुरू झाली आणि तिथून देशभर गेली. गुडघे धरलेल्या, दम लागणाऱ्या, साखर उतरेल म्हणून पिशवीत बिस्किटांचा पुडा बाळगणाऱ्या ज्येष्ठांना तिचा सर्वांत जास्त उपयोग व्हायला हवा. पण रांगेत अजून तेच उभे असतात.

असं का, म्हणून घरच्यांना विचारलं तर बहुधा एकच उत्तर येतं, ‘त्यांना नाही जमत.’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि अन्यायाचंही. जिनं चाळीस वर्षं बचत गटाचा आणि भिशीचा हिशेब तोंडपाठ ठेवला, ज्यांनी एसटीत कंडक्टरकी करताना गर्दीत उभ्यानं तिकिटं फाडून रात्री पैशापैशाचा मेळ लावला, त्यांची अक्कल सत्तरी ओलांडल्यावर आटून जात नाही. अडतं ते दुसरीकडेच. सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे, आधारवर जन्मतारीख कोणती पडली आहे, डोळ्यांवर चष्मा आहे का, आणि शेजारी बसलेलं माणूस किती घाईत आहे, यावर सगळं ठरतं. यातलं बरंचसं रुग्णालयाची पायरी चढण्याआधी, घरी बसून सोडवता येतं. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना घेऊन जे रुग्णालयात जातात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

सर्वांत आधी हे तपासा. आभा क्रमांक काढायचा असो, ऑनलाइन नंबर लावायचा असो, की प्रयोगशाळेचा रिपोर्ट उघडायचा असो, मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो काही मिनिटांत टाकावा लागतो. आता आपल्या घरांतली परिस्थिती पाहा. आईचं आधार दहा-बारा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत भरलेल्या शिबिरात निघालं. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून धाकट्याचा नंबर दिला. पुढे धाकट्यानं नंबर बदलला. जुना नंबर काही काळ बंद राहिला आणि मग कंपनीनं तो दुसऱ्याच कुणाला दिला. आज आईचा ओटीपी एका अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नाही.

काही घरांत नंबर चालू असतो, पण फोन पुण्यात मुलाकडे आणि आई साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये. मुलगा मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते, मागचे लोक कुरकुरतात, खिडकीवरचा कर्मचारी ‘पुढचे या’ म्हणतो. आई बाजूला होते. त्या दिवशी तिच्या मनात पक्कं बसतं की हे आपल्यासाठी नाही. खरं तर तिच्या हातून काहीच चुकलेलं नसतं.

उपाय असा. आधारच्या संकेतस्थळावर नोंदवलेला मोबाइल नंबर तोच आहे का, हे घरबसल्या पडताळता येतं. नंबर वेगळा निघाला तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेनं २०२१ मध्ये पोस्टमनमार्फत घरी येऊन मोबाइल नंबर जोडून देण्याची सोय सुरू केली. जवळच्या पोस्टात चौकशी करा. नंबर शक्यतो त्यांचा स्वतःचा, त्यांच्या नावावरच्या सिमचा असावा. त्या सिमचं रिचार्ज कधी संपतं याची नोंद मुलांनी आपल्या फोनमध्ये ठेवावी, कारण मुदत संपून काही दिवस गेले की येणारे संदेशही थांबतात, आणि हे नेमकं रुग्णालयातच लक्षात येतं.

अजून एक. ओटीपीसाठी स्मार्टफोन लागत नाही. बटणांचा साधा फोनही पुरतो, कारण तो एसएमएस असतो. वडिलांना त्यांचा जुना नोकिया सोडायचा नसेल तर सोडायला लावू नका. ॲप तुमच्या फोनवर असू द्या, पण नंबर त्यांचा आणि ओटीपी वाचून दाखवणारे तेच. व्यवहारात त्यांचा हात राहतो, त्यांच्या संमतीशिवाय काही पुढे सरकत नाही, आणि काय चाललं आहे हे त्यांना कळत राहतं.

नाव, जन्मतारीख आणि एकसारखी वाटणारी कार्डं

आधारवर ‘सुमन’, रेशनकार्डावर ‘सुमनबाई’, नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर तिसरंच काही, आणि एका ठिकाणी अजून माहेरचं आडनाव. जुन्या पिढीतल्या बायकांच्या बाबतीत हे घरोघरी आढळतं. माणसाला कळतं की बाई एकच आहे. संगणकाला कळत नाही. नाव वेगळं लिहिलं गेलं की नव्या रुग्णाची नोंद होते आणि मागच्या वर्षीचा टूडी इको, मागच्या महिन्याचं क्रिएटिनिन त्या नव्या नोंदीखाली दिसत नाही. डॉक्टर पुन्हा तपासणी लिहून देतात. म्हणून नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे सांगायची सवय लावा. मागच्या केस पेपरवरचा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि दर वेळी आधी तोच सांगा.

जन्मतारखेचं दुखणं याहून जुनं आहे. ज्यांच्या जन्माची नोंदच झाली नाही, त्यांच्या आधारवर कुणी विचारून-अंदाजून वर्ष टाकलं. काहींच्या कार्डावर नुसतं वर्षच आहे. एरवी याने फार बिघडलं नाही, पण २९ ऑक्टोबर २०२४ पासून बिघडतं. त्या दिवशी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. सत्तर वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं संरक्षण त्यातून मिळतं. वय मोजलं जातं आधारवरून. प्रत्यक्षात पंचाहत्तरीचा माणूस आधारवर अडुसष्टचा असेल तर तो बाहेर राहतो. पुरावा असेल तर दुरुस्ती आताच करून घ्या. जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईत अर्धवट कागद घेऊन जाऊ नका.

आता या कार्डांचा गोंधळ. आभा हा चौदा अंकी क्रमांक आहे. त्याखाली तुमच्या आरोग्याच्या नोंदी जोडल्या जातात. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. वय वंदना हे उपचारांच्या खर्चाचं कार्ड आहे. रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक हा त्या त्या रुग्णालयापुरता. नावं सारखी वाटतात, म्हणून ‘आमचं आयुष्मान झालंय’ म्हणणाऱ्या आजोबांकडे कधी फक्त आभाचा कागद निघतो, तोही दाखल होण्याच्या रात्री. कोणतं कार्ड कशासाठी, हे त्यांना एकदा शांतपणे सांगा आणि प्रत्येकाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात मदतीसाठी ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होताना आधी त्याला गाठा. आयुष्मानबद्दलच्या शंकांसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

डोळे, बोटं, कान

‘त्यांना जमत नाही’ या वाक्याखाली कितीतरी वेळा फक्त शरीर असतं. मोतीबिंदू पिकत आलेला असतो, पांढऱ्या पडद्यावरची फिकट करडी अक्षरं दिसत नाहीत, आणि ‘दिसत नाही’ म्हणायचा संकोच वाटतो म्हणून माणूस ‘मला कळत नाही’ म्हणतो. हा फरक घरच्यांनी ओळखायला हवा. फोन द्यायच्या आधी चष्मा पुसून द्या.

बोटांचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. वयानुसार कातडी कोरडी होते, आणि कोरडं बोट टचस्क्रीनला नीट ओळखू येत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून धरतो. फोनला ते वेगळंच वाटतं, भलताच चौकोन उघडतो आणि ‘मी काहीतरी बिघडवलं’ ही भीती बसते. बोट किंचित ओलसर करून टेकवलं तरी फरक पडतो. शिवाय फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. अँड्रॉइडच्या फोनवर तिथे बोट किती वेळ टेकवलं म्हणजे ‘दाबून धरलं’ असं समजायचं, तो वेळ वाढवता येतो. कंपवात असलेल्यांना यानं फार आराम पडतो. रबरी टोकाचं टचस्क्रीनचं पेनही स्वस्तात मिळतं. अक्षरं मोठी करा, आणि नुसती अक्षरं मोठी करून भागत नाही म्हणून पडद्यावरच्या सगळ्या गोष्टींचा आकारही वाढवा. स्क्रीन आपोआप बंद होण्याचा वेळ तीस सेकंदांवरून काही मिनिटांवर न्या. ओटीपीचा संदेश शोधून, सहा आकडे लक्षात ठेवून परत येईपर्यंत पडदा काळा होणं, ही वृद्धांच्या वैतागाची एक अगदी साधी आणि टाळता येण्याजोगी जागा आहे. आणि फोन मराठीत हवा की इंग्रजीत, हे त्यांनाच विचारा. ज्यांची नोकरी इंग्रजी फॉर्म भरण्यात गेली, त्यांना मराठी मेनूच परका वाटू शकतो.

अंगठ्याचंही तसंच. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपणी केलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि बायोमेट्रिक यंत्रावर ‘अंगठा लागत नाही’. अशा वेळी पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावून त्यांना सगळ्यांसमोर ओशाळं करू नका. ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय मागा. वय वंदना कार्डासाठी आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवता येते.

रुग्ण दाखल झाल्यावर आपण एक गोष्ट हमखास करतो. ‘हरवेल’ म्हणून चष्मा, श्रवणयंत्र, कवळी घरी नेतो, आणि फोनही. मग त्याच माणसाला स्टाफ नर्स टॅबवर सही करायला सांगते, संमतीचा मजकूर दाखवते. त्याला ना दिसतं, ना ऐकू येतं. याचा तोटा फोनच्या वापरापुरता नाही. दाखल झालेल्या वृद्धांना अचानक होणारा भ्रम कसा टाळता येईल, यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांत, ज्यांची झोप, हालचाल, पाणी, दृष्टी आणि श्रवण यांची नेटानं काळजी घेतली गेली, त्यांच्यात भ्रमाचं प्रमाण ९.९ टक्के होतं. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १५ टक्के. चष्मा आणि श्रवणयंत्र हा त्या काळजीचा भाग होता. तेव्हा चष्मा उशाशी ठेवा, दोरी लावून ठेवा, डबीवर नाव लिहा. सलाईनची सुई शक्य असेल तर ज्या हातानं ते फोन धरतात त्याच्या दुसऱ्या हाताला लावा, अशी सिस्टरना विनंती करा. चार्जरची वायर लांब आणा. वॉर्डातला प्लग कॉटपासून दूर असतो आणि फोन तिकडे चार्जिंगला गेला की तो रुग्णाच्या हाती राहत नाही.

शिकवायचं कधी, कुणी आणि कसं

माझं ठाम मत आहे की दाखल झालेला दिवस शिकवण्याचा नाही. ताप, वेदना, परक्या जागेची धास्ती, झोपेचं खोबरं, यात नवं काही डोक्यात शिरत नाही. डिस्चार्जची दुपारही वाईट, कारण बिल, औषधं आणि गाडी यांत सगळे पळत असतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ‘हे ॲप टाकून घ्या, रिपोर्ट त्यातच येतील’ असं सांगून जातं. शिकण्याची खरी वेळ दोन. एक, काही दुखत-खुपत नसताना, घरच्या घरी. दुसरी, फेरतपासणीच्या आधीचे आठ-दहा दिवस. तेव्हा गरज समोर दिसते आणि घाई नसते.

१९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कशानं येतो, याची मांडणी केली. स्वतः करून यश मिळणं हे त्यांच्या मते सर्वांत प्रभावी. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्यानं धीर देणं, आणि त्या क्षणी शरीर-मन शांत असणं. आपण घरात काय करतो ते याच्याशी ताडून पाहा. ‘आण इकडे, मी करून देतो’ म्हणत फोन हातातून घेतो, म्हणजे पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट काढून घेतो. बोटं इतक्या वेगानं फिरवतो की त्यांना काही दिसत नाही. मग ‘किती सोपं आहे, बघितलंस?’ म्हणतो. ‘सोपं आहे’ हे शब्द तर टाळाच. सोपी गोष्ट जमली नाही की माणसाला स्वतःची जास्त लाज वाटते.

फोन त्यांच्याच हातात ठेवा. तुम्ही बोलायचं, बोट त्यांचं. एका बैठकीत एकच काम. पहिलं काम असं निवडा की ज्याचं फळ लगेच दिसेल: डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून पुन्हा उघडून पाहणं, किंवा डॉक्टरांनी पाठवलेली गोळ्यांची यादी मोठी करून वाचणं. दुसऱ्या दिवशी तेच काम त्यांना तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. चुकलं तर हात पुढे करू नका. थांबा, परत कसं यायचं ते सांगा. परत येण्याचं बटण ठाऊक झालं की निम्मी भीती जाते. पायऱ्या वहीत त्यांच्या हस्ताक्षरात लिहू द्या. तुमच्या टापटीप छापील कागदापेक्षा त्यांची स्वतःची, चित्रं काढलेली वही जास्त कामाची, कारण त्यात त्यांना जे अडलं होतं तेच लिहिलेलं असतं.

शिकवणारा नातू असला की घरात कौतुक होतं, पण समवयस्क माणूस बहुधा अधिक उपयोगी पडतो. ‘मलाही आधी कळत नव्हतं’ हे सत्तरीच्या शेजारणीनं सांगितलं तर पटतं. महाराष्ट्रात फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ शहरा-तालुक्यांत आहेत. संघाच्या एखाद्या बैठकीत चार जणांनी मिळून आभा काढणं, एकमेकांना चष्मा देत-घेत ओटीपी टाकणं, यातून जे शिकलं जातं ते टिकतं. ज्यांना मुलंबाळं जवळ नाहीत, त्यांनी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन लक्षात ठेवावी. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते.

उपयोग त्यांना दिसला पाहिजे

१९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो की नाही, हे मुख्यतः दोन समजुतींवर ठरतं असं मांडलं: याचा मला उपयोग आहे का, आणि हे वापरायला सोपं आहे का. आपण सगळा जोर दुसऱ्यावर देतो. पहिल्याचं उत्तर वृद्ध माणसाच्या जागेवरून शोधत नाही. ‘सगळं एका ठिकाणी राहतं’ हा आपल्याला वाटणारा फायदा. आईनं सगळे कागद गादीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एका ठिकाणीच ठेवलेले असतात. तिला पटेल तो फायदा वेगळा. फेरतपासणीसाठी गडचिरोलीहून नागपूरला, सावंतवाडीहून गोव्याला बांबोळीच्या रुग्णालयात जाताना पहाटेची गाडी पकडावी लागणार नाही, नुसते रिपोर्ट दाखवायला मुलाला दिवसाची मजुरी बुडवावी लागणार नाही, हे कळलं तर ती स्वतःहून विचारते.

इथे ई-संजीवनी ही सरकारी दूरसल्ल्याची मोफत सेवा कामाची आहे. तिचे दोन मार्ग आहेत. एकात रुग्ण स्वतःच्या फोनवरून डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्यात तो गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जातो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याला पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. या सेवेचा मोठा हिस्सा दुसऱ्याच मार्गानं चालतो, आणि मला यात फार महत्त्वाचा धडा दिसतो. बीपी मोजणारं, प्रश्न पुन्हा सांगणारं, औषधाची चिठ्ठी हातात देणारं माणूस शेजारी असलं की तंत्रज्ञानाची भीती हा विषयच राहत नाही. घरात स्मार्टफोन असला तरी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हा दुसरा मार्ग आवर्जून सांगा.

दूरसल्ल्याच्या मर्यादाही त्यांना आधीच सांगा, म्हणजे भ्रमनिरास होणार नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओवरूनच बोलावं लागतं, आणि अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं दूरसल्ल्यावरून लिहून देताच येत नाहीत. रात्रीच्या झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलामसारखी गोळी त्यात येते. ती मिळाली नाही म्हणून ‘फोनवरचा डॉक्टर खोटा’ असा समज होऊ नये. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, अचानक जीभ जड होणं, यासाठी तर फोनवर सल्ला घेत बसायचंच नाही. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचं.

भीती खरी आहे

‘बटण दाबलं आणि पैसे गेले तर?’ ही शंका हसण्यावारी नेऊ नका. रुग्णालयाच्या, बँकेच्या, आयुष्मानच्या नावानं खोट्या लिंक येतात, फोनमध्ये ॲपची फाइल उतरवायला सांगणारे संदेश येतात, आणि त्यांचा रोख ज्येष्ठांवरच असतो. संशय घेणारा ज्येष्ठ माणूस शहाणपणानं वागतो आहे. त्याला एवढंच हवं असतं की सुरक्षित काय आणि असुरक्षित काय, याची रेघ स्पष्ट आखून मिळावी. ती अशी आखा: ओटीपी आपण स्वतः काम सुरू केलं असेल तरच टाकायचा, समोरून फोन करून कुणी मागितला तर तो कितीही गोड बोलत असो, सांगायचा नाही. ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून कधीच नाही. ‘तुमची स्क्रीन मला दाखवा’ असं सांगणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा. शक्य असेल तर आरोग्याचे ओटीपी येणारा नंबर आणि बँकेचा नंबर वेगळा ठेवा. मग आभा काढताना त्यांच्या पोटात गोळा येत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा, आणि घरात कुणीही त्यांना बोल लावू नये. रागावलेल्या घरात पुढची फसवणूक लपवली जाते.

दुसरी भीती कुणी मोठ्यानं बोलत नाही. सासूबाईंच्या अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा रिपोर्ट जावयाच्या फोनवर यावा, हे त्यांना नको असतं. वडिलांना प्रोस्टेटबद्दल सुनेसमोर बोलायचं नसतं. नंबर कुणाचा द्यायचा, हे ठरवताना ‘माझाच टाका’ म्हणण्याआधी त्यांना बाजूला घेऊन विचारा. आभा प्रणालीत नोंदी त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या तर रुग्णाची संमती लागते. ती ठरावीक काळापुरती देता येते, मागेही घेता येते. ती संमती तुम्ही परस्पर देऊ नका.

रिपोर्टबद्दल आणखी थोडं. आता तपासण्यांचे निकाल डॉक्टरांनी समजावून सांगण्याआधीच फोनवर येतात, कधी रात्री दहाला. ठळक अक्षरांतला एक आकडा पाहून झोप उडते, आणि तो आकडा कदाचित त्या वयात, त्या औषधावर अपेक्षितच असतो. गाठीच्या तपासणीसारखा रिपोर्ट येणार असेल तर तो कुणी उघडायचा, केव्हा, आणि डॉक्टरांची वेळ ठरेपर्यंत थांबायचं का, हे आधीच बोलून ठेवा. काही ज्येष्ठांना सगळं स्वतः पाहायचं असतं. त्यांच्यापासून लपवू नका.

रुग्णालयात काम करणाऱ्यांनाही सांगायचं आहे. क्यूआर कोडचा कागद उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी एक खाली लावा. त्याच्याजवळ सकाळच्या गर्दीत दोन तास कुणी मदतीला उभं राहिलं तर खिडकीवरची रांग खरोखर आटोक्यात येईल. आणि ज्यांना फोन नकोच आहे, त्यांना केस पेपर पूर्वीसारखाच मिळाला पाहिजे. आभा काढणं ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही.

घरच्यांनीही कागद टाकून देऊ नये. फोन बंद पडतो, नेट जातं, अपघात विभागातल्या डॉक्टरांना तुमचं कुलूप उघडता येत नाही. फोनच्या लॉक स्क्रीनवर तातडीची वैद्यकीय माहिती दिसेल अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते, ती भरा. सोबत एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत आभा क्रमांक, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, वय वंदना कार्ड आहे की नाही, चालू औषधं मात्रेसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि दोन माणसांचे फोन नंबर लिहून ठेवा. पासवर्ड आणि पिन त्यावर लिहू नका. कागदावर तारीख टाका, आणि डॉक्टरांनी औषध बदललं की त्याच संध्याकाळी, त्यांना जवळ बसवून, तो नव्यानं लिहा.